शाळेची वर्गणी : तुमच्याकडे काय चालतं?

विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी, आणि आमच्या नागपुरातल्या मानेवाड्याच्या पालक-ग्रुपवर पहिला मेसेज येतो वर्गणीचा. यंदा पंखे आणि वॉटर कूलर. शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. शिक्षकांचा पगार सरकार देतं, आठवीपर्यंत फी नाही. तरी दरवर्षी काही ना काही निघतंच, आणि "ज्यांना जमेल त्यांनी" असं लिहून खाली कोणी किती दिले त्याची यादी टाकतात. यादी वाचूनच माणूस जमवतो!

जिल्हा परिषद, मनपा, अनुदानित, कुठलीही शाळा चालेल. पैसे कशाला मागितले, पावती मिळाली का, नाही दिले तर काय झालं, ते या धाग्यात खाली लिहा. शाळेचं नाव टाकू नका, पोरं अजून तिथंच शिकून राहिली आहेत.

जि. प. शिक्षक, काटोलकडचा

मागणाऱ्यांच्या बाजूने लिहितो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं ते पटावर, म्हणजे किती पोरं आहेत त्यावर. ३० पर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, ३१ ते १०० असेल तर २५,०००. आमचा पट तिशीच्या आत. त्या दहा हजारांतले किमान १० टक्के स्वच्छतेला. उरलेल्यात खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, रंग आणि वीजबिल. छप्पर पटावर गळत नाही, पण पैसे पटावर येतात.

२०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम आला, तेव्हा डिजिटल शाळेची लाट होती. गावात संत्रा चांगला पिकला होता, अंबिया बहाराचे पैसे हातात होते. आम्ही घरोघर फिरलो, प्रोजेक्टर आला, फीत कापली, फोटो निघाला. पुढे एका वर्षी फळगळ झाली आणि आम्ही कोणाच्या दारात गेलोच नाही. कोणत्या तोंडाने जाणार? प्रोजेक्टरचा बल्ब उडाला तो उडालाच. नव्या वस्तूला दाता मिळतो, तिच्यावर नाव रंगवता येतं. बल्बसाठी कोणी उभं राहत नाही. सध्या त्याच्यावर कापड टाकून ठेवलं आहे.

नंदनवनची आई

मुलाच्या प्रवेशावेळी 'इमारत निधी' मागितला. पावतीवर "स्वखुशीने देणगी" आधीच छापलेलं, फक्त आकडा भरायचा. मी शिक्षण हक्क कायद्याचं कलम १३ प्रिंट काढून नेलं होतं. प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, घेतली तर दहापटीपर्यंत दंड आहे. बाबूंनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "ताई, कायदा आम्हालाही माहीत आहे. फिनाईल कुठून आणू ते सांगा." त्यांच्या मागे पिंपात पाणी भरणारी बाई हसली. मी अर्धे दिले. प्रवेश झाला, पण फिनाईलसाठी इमारत निधी का, हे कोडं सुटलं नाही.

ऑटोवाला, कामठी रोड

माह्या पोट्टीच्या वर्गात फळ्यावर नावं लिहिली होती, ज्यांचे पैसे बाकी त्यांची. पोट्टी दुसऱ्या दिवशी शाळेत जायला तयारच होईना. मी गेलो, सरांना म्हटलं, पैसे मी देतो, पण आधी ते पुसा. पुसलं. बस.

शाळा व्यवस्थापन समिती सदस्य, मनपा शाळा

समितीत ७५ टक्के पालक असतात आणि निम्म्या बायका, म्हणून मीही आहे. जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयाने पोषण आहारातल्या अंड्याला आणि साखरेला वेगळा निधी बंद केला. अंडा पुलाव किंवा गोड खीर हवी असेल तर समितीनं लोकसहभागातून करावं, असं ठरलं. आता आमच्या वस्तीतला लोकसहभाग म्हणजे कोण? धुणीभांडी करणाऱ्या आम्हीच. बैठकीत सगळ्या एकमेकींकडे पाहत बसल्या. एक किराणावाले कधीमधी साखर देतात, म्हणून तेवढी खीर गोड होते. त्याच शहरात दुसऱ्या शाळेचे माजी विद्यार्थी आरओ आणि बेंच देऊन जातात. त्यांचं चुकलं असं म्हणत नाही. पण आमच्या शाळेतून शिकलेले अजून देण्याच्या परिस्थितीत आलेच नाहीत.

पुण्यात नोकरी, मूळ महालचा

आमच्या बॅचनं कॉम्प्युटर दिले. पुढल्या दिवाळीत गेलो तर खोकी तशीच. वायरिंगला लोड झेपत नाही म्हणे. विचारून द्यायला हवं होतं.

रोखठोक

खासगी शाळेत लाखभर भरताना पावती मागत नाही कोणी. इथं पाचशेत रडारड!

धागाकर्ता

@रोखठोक, खासगीत जाणाऱ्याने ते निवडलेलं असतं. ऑटोवाल्या दादांनी काय निवडलं होतं?

निवृत्त मुख्याध्यापक

वेतनेतर अनुदान वेळेवर आणि पुरेसं आलं, असं माझ्या नोकरीत क्वचितच झालं. म्हणून मागावं लागतं, हे खरं. पण मागण्याची रीत आहे. आधी समितीचा ठराव, मग मागणी. रोख घेऊ नये. प्रत्येकाला पावती, वस्तूची नोंद साठा रजिस्टरमध्ये, आणि हिशोब दर्शनी फलकावर. दात्याचं नाव लिहा, न देणाऱ्याचं कधीच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं दत्तक शाळा योजना आणली, त्यात ५ किंवा १० वर्षांसाठी दाता शाळा घेऊ शकतो आणि शाळेला त्याचं नावही जोडता येतं. तीस पटाची शाळा घ्यायला कोण पुढे येईल, ते तुम्हीच सांगा.

बर्डीचा दुकानदार

काटोलचे सर, प्रोजेक्टरचा मॉडेल नंबर टाका. बल्ब माझ्याकडून, पैसे नको.

जि. प. शिक्षक, काटोलकडचा

आभार भाऊ. नंबर टाकतो. पण बल्बाच्या बदल्यात वीजबिल भरता का? मीटर कापायची नोटीस आली आहे.