मदत हवी आहे : लेअरचं (अंड्यांच्या कोंबड्यांचं) खाणं वाढलं, अंडी घटली. चूक फॉर्म्युल्यात की फीडरमध्ये?

नमस्कार मंडळी. विट्याजवळ माझं ५ हजार लेअरचं शेड आहे. बीव्ही-३०० जातीचे पक्षी, केजमध्ये, वय ४६ आठवडे. फीड घरीच दळतो, मॅश (भरडलेलं, पिठासारखं खाद्य) देतो.

उत्पादन सर्वांत जास्त असताना (पीकला) पक्षी दिवसाला १०८ ग्रॅम खायचा आणि उत्पादन ९४ टक्के होतं (१०० पक्ष्यांमागे रोज ९४ अंडी), म्हणजे अंड्यामागे ११५ ग्रॅम फीड. आज ११८ ग्रॅम खातो आणि उत्पादन ८४. अंड्यामागे १४० ग्रॅम! वयानुसार टक्केवारी उतरणारच, ते मान्य. पण खाणं का वाढावं? फीड किलोला ३० रुपये पडतं. २५ ग्रॅमचा फरक म्हणजे अंड्याला ७५ पैसे, दिवसाला तीन हजारांच्या वर. हे आता सोसवत नाही.

मका महागला म्हणून १०० किलोच्या मिक्सिंगमध्ये १० किलो मका काढून तेल काढलेला भाताचा कोंडा घातला होता. कोंबडी ऊर्जेची गरज भागेपर्यंत खाते, हे ठाऊक आहे. मक्यात किलोला ३३०० किलोकॅलरी आणि कोंड्यात २२०० धरल्या, तर माझं फीड २६०० वरून २४९० वर आलं. त्या हिशेबानं पक्ष्यानं ११३ ग्रॅम खायला हवं. वरचे ५ ग्रॅम जातात कुठं? सोयापेंड, मेथिओनिन आणि लायसिन ही अमिनो आम्लं, फायटेज एन्झाइम, सगळं पूर्वीइतकंच आहे. थंडी नाही, उंदीरही नाहीत.

काल दुपारी चारला फीडरमध्ये हात फिरवला. मक्याचे कण वेचून संपलेले, तळाला बोटभर पिठूळ थर, त्याला मेथिओनिनचा उग्र वास. केजखाली विष्ठेवरही पीठ सांडलेलं. पातळ कवचाची अंडीही वाढलीत.

मका परत वाढवू, की १ टक्का तेल घालून भागेल? कोंड्यासोबत झायलनेज (कोंड्यातला तंतू पचवायला मदत करणारं एन्झाइम) वापरून कुणाला फरक पडला का?

प्रतिसाद १
दादा, तुमचे ५ ग्रॅम केजखाली पडलेत. फीडर एक तृतीयांशच भरा. दुपारी दोन तास नवीन फीड टाकू नका, तळ चाटूनपुसून संपू दे. व्हिटॅमिन, मेथिओनिन त्या पिठातच राहतं. पक्षी नुसता मका वेचतो आणि अंडं मार खातं. दळताना जाळी मोठी लावा. तेल घालाच, ऊर्जाही मिळते आणि धूळही बसते. कवच रात्री तयार होतं, म्हणून भरड ग्रिट (कॅल्शियमसाठी चुनखडीचे जाड कण) संध्याकाळच्या फीडवर द्या. मका बुरशीचा नाही ना, तेही बघा; अफ्लाटॉक्सिननं (बुरशीच्या विषानं) लिव्हर गेलं की कुठलाच फॉर्म्युला लागू पडत नाही. झायलनेज नंतर. सगळं एकदम बदललंत तर फरक कशानं पडला ते कळायचं नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार. आजच फीडर रिकामे करून घेतले. सोमवारपासून एका ओळीत नुसती फीड टाकायची वेळ बदलतो, दुसरीत वेळ आणि तेल दोन्ही. दोन्हींचं फीड आणि अंडी वेगळी मोजणार. निकाल धरायला दोन आठवडे पुरतील का?