मदत हवी आहे: तीन संस्थांमधील रुग्णनोंदींसाठी ब्लॉकचेन व्यवहार्य आहे का?

कोथरूडमधील एका ३० खाटांच्या रुग्णालयाची संगणक व्यवस्था मी पाहतो. रुग्णालय, पॅथॉलॉजी प्रयोगशाळा आणि औषधांचे दुकान यांच्यात फिरणाऱ्या नोंदींत कोणी मागाहून फेरफार केल्यास तो उघडकीस यावा, एवढ्यासाठी ब्लॉकचेनचा, म्हणजे साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींच्या सामायिक वहीचा विचार चालू आहे. यात मायनिंग (नोंदी पक्क्या करण्यासाठी संगणकांची वीजखाऊ गणनस्पर्धा) नाही, हे आधीच सांगतो. इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेननेही सप्टेंबर २०२२ मध्ये ते सोडले आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

आम्ही तिन्ही ठिकाणी एकेक सर्व्हर ठेवून हायपरलेजर फॅब्रिक हे संस्थांसाठीचे ब्लॉकचेन सॉफ्टवेअर चालवून पाहिले. साखळीवरील मजकूर पुसता येत नसल्याने मूळ अहवाल व एक्स-रे बाहेरच ठेवून साखळीवर केवळ त्यांचा हॅश (मजकुरावरून काढलेला, मजकूर बदलला की बदलणारा छोटा संकेत) नोंदवला. प्रत्येक सर्व्हर सरासरी १५० वॅट घेतो; म्हणजे अखंड चालवल्यास तिन्ही मिळून महिन्याला सुमारे ३२४ युनिट, आणि यूपीएस व वातानुकूलन त्याहून वेगळे. वीजबिल एक वेळ सोसता येईल, पण दुकानदार रात्री सर्व्हर बंद करतात आणि त्याच वेळी प्रयोगशाळेची वीज गेली की तीनपैकी दोन सर्व्हरचे आवश्यक बहुमत उरत नाही व नव्या नोंदी थांबतात. तातडीच्या रुग्णाच्या बाबतीत हे मला अजिबात मान्य नाही.

पूर्णवेळ तंत्रज्ञ नेमणे शक्य नाही. अशा स्थितीत पोस्टग्रेएसक्यूएल या साध्या डेटाबेसमध्ये प्रत्येक नोंद आधीच्या नोंदीच्या हॅशशी जोडून, दिवसअखेरचा हॅश डिजिटल स्वाक्षरीसह तिघांकडे ठेवला, तर फेरफार पकडण्यास तो पुरेसा ठरेल का, की त्यात माझ्या नजरेतून सुटलेली एखादी पळवाट आहे?