बिल्ल्याआधी काम ठरावे

ख्रिस्ती शाळेत वर्गप्रमुख गुणांवर निवडावा की मतदानाने, यावर बरीच चर्चा होते. मला मात्र त्याआधीचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे निवडलेल्या मुलाकडे काम कोणते सोपवायचे. बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे एवढेच काम दिले, तर नेतृत्व म्हणजे पहारा असेच मुले शिकतात. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानात, ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने इतरांचा सेवक व्हावे, असे येशू सांगतो, आणि योहानाच्या १३व्या अध्यायात तो स्वतः शिष्यांचे पाय धुतो. ख्रिस्ती शाळेतील नेतृत्व येथूनच घडावे, असे मला मनापासून वाटते.

कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनी १८५२ साली मिशनचे काम सुरू केले. येथील मिशनच्या शाळांत सर्व धर्मांची मुले शिकत आली आहेत, त्यामुळे सेवेची ही शिकवण सकाळच्या प्रार्थनेपेक्षा मधल्या सुट्टीत अधिक दिसायला हवी. खेड्यातून पाचवीत नव्याने आलेला मुलगा एकटाच डबा खात असेल, तर त्याला आपल्या गटात बोलावणे हे नववीतल्या प्रतिनिधीचे नेमून दिलेले काम असावे. ही जबाबदारी दर सत्राला बदलावी, म्हणजे अबोल मुलांनाही ती मिळेल, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा या प्रतिनिधींचे म्हणणे शांतपणे ऐकून घ्यावे.