लेवींच्या आठवणी: साक्ष वाचायची की शैली?

सांजवात: प्रिमो लेवी हे इटलीतले, तुरिनचे रसायनशास्त्रज्ञ. १९४४ मध्ये नाझींनी त्यांना ऑशविट्झच्या छळछावणीत नेलं. तिथून जिवंत परत आल्यावर लिहिलेलं 'इफ धिस इज अ मॅन' १९४७ साली छापलं गेलं. माझ्या भाचीला एमएला त्यावर निबंध आहे: वर्तमानकाळ का वापरला, 'मी'चा 'आम्ही' कुठे होतो, दान्ते हा जुना इटालियन कवी त्यात कशासाठी. माणूस मरणाच्या दाढेतून आला आणि आपण त्याची सर्वनामं मोजत बसायची? मला हे पटत नाही.

रिकामटेकडा: मला पटतं. तहानलेले लेवी खिडकीबाहेर लोंबणारी बर्फाची कांडी तोडतात, पहारेकरी हिसकावून घेतो. 'का?' विचारलं तर म्हणतो, 'इथे का-बिका काही नसतं.' दुसऱ्या कुणी इथे पानभर आक्रोश केला असता. लेवी थोडक्यात उलगडा करून पुढे सरकतात. विलाप आणि सूड दोन्ही टाळून साक्षीदाराची संयत भाषा मुद्दाम घेतली, हे त्यांनीच नंतर सांगितलंय. तीच बघायची नाही तर वाचलं काय?

सांजवात: 'मुद्दाम' म्हणालात ना? उद्या कुणी म्हणेल, सगळंच रचलेलं. छळछावण्यांत असं काही घडलंच नाही म्हणणारे टपूनच बसलेत.

कुंपणावरची: त्यांच्या धाकाने आपण का बिचकायचं? प्रकरणं तर्काच्या नव्हे, निकडीच्या क्रमाने लिहिली, असं लेवी प्रस्तावनेत सांगतात. आणि यातलं काहीही कल्पित नाही, हेही तिथेच.

दान्तेचं मात्र निव्वळ 'संदर्भ' म्हणून भागत नाही. छावणीत सूप आणायला जाताना लेवी झाँ नावाच्या सोबत्याला दान्तेच्या ओळी म्हणून दाखवतात. मधल्या आठवेनात. त्या जुळवता आल्या तर आजचं सूप देऊन टाकीन, म्हणतात. उपाशी माणूस! यात खोटं किंवा वाढवून सांगितलेलं काही नव्हतं, असं १९८६च्या पुस्तकात त्यांनी पुन्हा बजावलं. घरी परतल्यावर दान्ते उघडून त्या गाळलेल्या जागा भरता आल्या असत्या. नाही भरल्या.

रिकामटेकडा: +१. अहो, यालाच तर तंत्र म्हणतात!

सांजवात: असेल. पण निबंधाच्या विषयात दान्ते आहे, सूप कुठेय? माझा आक्षेप कायम.