मदत हवी आहे: मेंटॉरकडून मार्गदर्शन कसं घ्यावं, हे पीजींना (पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना) शिकवणारी कार्यशाळा कुणी घेतली आहे का?

नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. मेंटॉर कसा असावा यावर आम्हा शिक्षकांची प्रशिक्षणं होतात. मेंटीनं, म्हणजे मार्गदर्शन घेणाऱ्यानं, काय करायचं, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही.

केज, अहमदपूर, जिंतूरकडची लेकरं येतात. कित्येकांच्या घरात डॉक्टर हे पहिलेच. मोठ्यांकडे आपणहून वेळ मागणं त्यांना आगाऊपणा वाटतो. राउंडला मागे उभी राहतात, "हो सर" म्हणतात आणि थीसिसचा विषय सरच देतील म्हणून थांबतात. मग सिनॉप्सिसची (थीसिसच्या आराखड्याची) तारीख तोंडावर आली की एकच धावपळ. यात मला मुलांचा दोष दिसत नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही.

'अकॅडेमिक मेडिसिन' या जर्नलमध्ये 2009 साली झर्झन आणि सहकाऱ्यांचा एक लेख आला होता. या नात्याची सूत्रं मेंटीनं स्वतःकडे घ्यावीत, असं त्यांचं म्हणणं. आपल्याला काय हवं ते आधी ठरवायचं, भेटीआधी मुद्दे पाठवायचे, मेंटॉरला जसं सोयीचं तसा संपर्क ठेवायचा. मला ते पटतं. म्हणून जेआर-1 म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांसाठी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. पहिल्या भेटीत काय बोलायचं, ठरलेलं तारखेसकट लिहून परत कसं पाठवायचं, एकाच माणसाकडून सगळं न मागता थीसिसला एक, करिअरला दुसरा आणि मन मोकळं करायला तिसरा असा आधार कसा शोधायचा, हे सगळं जोड्या करून बोलून बघायचं.

अडतं ते इथे: थीसिसवर सही गाइडचीच लागते. त्यामुळे मुलांची भीती खोटी नाही. "सर, हे काम या आठवड्यात जमणार नाही" हे वाक्य मी त्यांना शिकवीन, पण ऐकणाऱ्याला ते उद्धटपणाचं वाटलं तर? आणि ही कार्यशाळा "सरांना खूश कसं ठेवावं" अशी व्हायला नको. गाइडना सोबत बसवावं का?

प्रतिसाद 1
मॅडम, पहिल्या सत्रात गाइड नकोतच, मुलं तोंड उघडणार नाहीत. नंतर दोघांनी एकच कागद वेगवेगळा भरायचा: किती दिवसांनी भेटायचं, ड्राफ्ट किती दिवसांत तपासून मिळेल, फोन कधी चालेल, पेपरवर नावं कोणत्या क्रमानं. मग समोरासमोर बसून जुळवायचं. आमच्याकडे पेपरवरच्या नावांचा क्रम हाच सगळ्यात अवघड मुद्दा निघाला, पण बोलणं आधीच झाल्यानं पुढची कटुता टळली. नकाराचं वाक्यही थोडं बदला: "सर, आयसीयू ड्युटी आहे, सोमवारपर्यंत दिलं तर चालेल का?"

प्रतिसाद 2
पीजी म्हणून सांगतो. कार्यशाळा मराठीतच घ्या आणि रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात नको. तेव्हा वॉर्ड कुठला हेच कळत नसतं. आणि गाइडशी पटलंच नाही तर जायचं कुणाकडे, ते नाव घेऊन सांगा.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार. सोमवारचं वाक्य मी जसंच्या तसं घेते. तो कागद मराठीत असेल तर इथे टाकाल का? आणि गाइडनं भरायला नकार दिला, तेव्हा तुम्ही काय केलंत?