मदत हवी आहे: अलार्मच्या लाइनवर १२ पैकी १० मॉड्यूलच दिसतात, त्यात ३ नंबर येतो-जातो

शिरोली_वायरिंग
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत चोरीच्या अलार्मचं काम अडकलंय. एक पॅनेल आणि आरएस-४८५ च्या (ए आणि बी अशा दोन वायरींवर डेटा नेणाऱ्या) एकाच लाइनवर १२ झोन मॉड्यूल, म्हणजे डिटेक्टर जोडायचे बोर्ड, आहेत. प्रत्येक मॉड्यूलवर पत्ता (नंबर) ठरवायला ५ खटक्यांचा डिप स्विच. पत्ते १ ते १२ दिलेत, पॅनेल १ ते १६ घेतं.

स्कॅन केल्यावर ७ आणि ८ सापडत नाहीत. ३ दिसतो, मिनिटभरात 'कम्युनिकेशन फॉल्ट' येतो, परत दिसतो. १२ नंबर रात्री अधूनमधून जातो.

खटके तक्त्याप्रमाणेच आहेत, दोनदा तपासले. ७ ला १३ करून पाहिला, मेन बंद-चालू केलं, काही फरक नाही, म्हणून परत ७ केला. ७ आणि ८ चे बोर्ड बदलूनही तेच. शेवटचं मॉड्यूल पॅनेलपासून २२० मीटरवर, वायर ०.५ चौरस मिमी. कुठं चुकतंय?

पंचगंगा_४८५
तीन गोष्टी सांगा दादा, मग बोलू. मेन बंद केलंत तेव्हा बॅटरी काढली होती का? ७ आणि ८ एकाच ठिकाणी आहेत का, आणि तिथं बोर्ड कसा बसवलाय? सगळी वीज काढून पॅनेलपाशी ए आणि बी मध्ये किती ओहम येतात?

शिरोली_वायरिंग
बॅटरी जोडलेलीच होती. ७ आणि ८ कोअर शॉपमध्ये (साच्यातले गाभे बनवायच्या शेडमध्ये) आहेत. तिथं केबल वरच्या ट्रेमधून येते, म्हणून टर्मिनल वर यावेत असे दोन्ही बोर्ड उलटे बसवलेत. ए-बी मध्ये ४० ओहम.

पंचगंगा_४८५
मग बोर्ड चांगले आहेत. परत करू नका.

बोर्ड उलटा झाला की डिप स्विचही उलटा होतो. डावीकडचा खटका १ राहत नाही, ५ होतो, आणि वर म्हणजे चालू हेही राहत नाही, वर म्हणजे बंद होतं. खटक्यांची किंमत १, २, ४, ८, १६. तुम्ही ७ साठी डावीकडचे तीन वर केले. प्रत्यक्षात ५, ४, ३ बंद झाले आणि १, २ चालू राहिले. १ अधिक २ म्हणजे ३. म्हणजे कोअर शॉपमधला ७ नंबर ३ म्हणून बोलतोय आणि खऱ्या ३ ला भिडतोय. ८ चं गणित केलं तर २९ येतं, ते पॅनेलच्या हद्दीबाहेर, म्हणून तो दिसतच नाही.

खात्री करायची तर खऱ्या ३ चे ए-बी दोन्ही काढा. तरीही पॅनेलला ३ दिसत राहिला तर दुसरं कुणीतरी त्या नावानं उत्तर देतंय. दोघं एकाच वेळी बोलले की डेटा बिघडतो आणि फॉल्ट येतो. एखाद्या वेळी एकाचंच उत्तर नीट पोचतं, तेव्हा 'दिसतो'.

खटके लावताना डावं-उजवं, वर-खाली बघूच नका. स्विचवर छापलेले आकडे आणि 'ऑन' हा शब्द बघा. कोअर शॉपमध्ये टॉर्चच्या उजेडात ते दिसत नाहीत, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा.

आता १३ चं. बहुतेक मॉड्यूल पत्ता फक्त वीज आल्यावर एकदाच वाचतात. मेन गेलं तरी १२ व्होल्टची बॅटरी लाइन जिवंत ठेवते, त्यामुळे मॉड्यूल जुनाच पत्ता धरून बसलं. क्रम असा ठेवा: पॅनेल सर्व्हिस मोडमध्ये, सायरनची वायर मोकळी, मग मेन बंद, मग बॅटरी काढायची. मॉड्यूलवरचा एलईडी पूर्ण विझल्याशिवाय खटक्याला हात नको. लाइन चालू झाली की पॅनेलमधल्या ३, ७, ८ च्या जुन्या नोंदी पुसून नव्यानं स्कॅन करा.

४० ओहम म्हणजे १२० चे तीन रेझिस्टर समांतर. हवेत दोनच, लाइनच्या दोन टोकांना, म्हणजे वाचन ६० च्या आसपास. मधल्या कुठल्या तरी बोर्डावर रेझिस्टर जोडणारा जंपर (छोटी जोडपिन) राहिलाय, तो शोधून काढा.

रंकाळा_टेक
१२ नंबरचं वेगळं दुखणं आहे. ०.५ ची वायर किलोमीटरला साधारण ३६ ओहम धरा. २२० मीटर जाऊन-येऊन ४४०, म्हणजे १६ ओहम. ११, १२ आणि त्यांचे डिटेक्टर मिळून २०० मिलिअँप घेत असतील तर ३.२ व्होल्ट वाटेतच जातात. पॅनेलकडच्या १३.६ व्होल्टचे तिथं १०.४ उरतात, आणि मेन गेल्यावर बॅटरी १२ वर आली की ९ च्या खाली. टोकाला मीटर लावून मोजा, डिटेक्टर चालू असताना.

तिकडं बॅटरीसकट वेगळा १२ व्होल्ट सप्लाय द्या. त्याचा निगेटिव्ह पॅनेलच्या निगेटिव्हला जोडायचाच, नाहीतर डेटाला संदर्भ राहत नाही. पॉझिटिव्ह मात्र दोन्हीकडचे एकत्र करायचे नाहीत. केबलच्या शिल्डचं (वरच्या धातूच्या आवरणाचं) अर्थिंग फक्त पॅनेलच्या टोकाला. इंडक्शन फर्नेसच्या केबलला समांतर ओढू नका. ओलांडावीच लागली तर काटकोनात.

शिरोली_वायरिंग
३ चे ए-बी काढले तरी पॅनेलवर ३ दिसतच होता! ७ आणि ८ चे खटके आकडे बघून लावले, बॅटरीही काढली. आता बाराच्या बारा आले. जंपर ५ नंबरवर होता, आता ६१ ओहम. टोकाला १०.३ व्होल्ट मिळाले, सप्लाय उद्या बसवतो. लाइन आली म्हणजे काम झालं समजू का?

पंचगंगा_४८५
अजून नाही. तुमच्या पॅनेलमध्ये झोनचे नंबर मॉड्यूलच्या पत्त्यावरून ठरत असतील, तर आधी कोअर शॉपचं दार उघडल्यावर ३ नंबरच्या जागेचं नाव लागलं असतं. रात्री वॉचमन चुकीच्या शेडकडं धावला असता. फॉल्ट निदान दिसतो, चुकीची जागा दिसत नाही. म्हणून एकानं पॅनेलपाशी थांबायचं, दुसऱ्यानं एकेक दार, एकेक डिटेक्टर चालवायचा आणि पडद्यावरचं नाव फोनवर वाचून घ्यायचं. बाराही मॉड्यूलचे सगळे झोन, एकही गाळायचा नाही.

आणि झाकणाच्या आतून पत्ता, चालू खटक्यांचे आकडे आणि 'बोर्ड उलटा आहे' असं मार्करनं लिहून ठेवा. कागदी लेबल फाउंड्रीच्या धुळीत आणि पावसाळ्याच्या ओलीत टिकत नाही.