मदत हवी आहे: कॅमारोला बाहेरचा ट्रान्समिशन कूलर

मंडळी, अमेरिकेत फिनिक्सला राहतो. २००० सालची कॅमारो झी-२८ आहे, एलएस-१ इंजिन आणि ४एल६०-ई ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. हौसेनं ३२०० आरपीएम स्टॉलचा (म्हणजे इंजिन साधारण तेवढ्या फेऱ्यांपर्यंत मोकळं फिरू देणारा) टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग, बसवला आणि तेव्हापासून गिअरबॉक्सचं ऑइल तापतंय. दोष गाडीचा नाही, माझ्या हौसेचा. कन्व्हर्टर लॉक होईपर्यंत जास्त घसरतो, त्याचीच ही उष्णता. काल बाहेर ४३ अंश, सिग्नल टू सिग्नल गाडी चालवली, तर स्कॅनरवर ऑइल ११८ अंश! डिपस्टिक टिश्यूवर टेकवली, डाग लालचा तपकिरी झालेला, वासही करपट.

ऑइल गार करायला प्लेटवाला कूलर आणलाय, एसी कंडेन्सरच्या पुढे लावणार. ब्रॅकेट करतोय, कारण जाळीतून आरपार घालायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या घासून घासून नळीला भोक पाडतात.

अडलंय ते इथं: ऑइल आधी रेडिएटरमधल्या कूलरमधून नेऊन मग बाहेरच्यात सोडू, की रेडिएटर वगळूनच टाकू? एक मेकॅनिक म्हणतो वगळ, दुसरा म्हणतो वेडा आहेस का. इथे थंडी नावालाच, तरी डिसेंबरात पहाटे पाच-सहा अंश असतं. ऑइल गार असताना ते कूलरकडे न नेणारा थर्मोस्टॅटचा बायपास लावावा का?

गिअरबॉक्सची खालची लाइन कूलरकडे जाणारी आणि वरची परतीची, हे बरोबर ना? ऑइलला चालणारा होज ३/८ इंची घेतलाय. क्लॅम्प पुरतील की फ्लेअर फिटिंगच (नळीचं तोंड पसरवून नटनं आवळायचा जोड) करू? शनिवारी गाडी जॅकवर चढवतोय, कोणी हे केलं असेल तर त्याआधी सांगा प्लीज.